पत्र्याच्या पेटीतली पॉलिसी मोबाइलमध्ये जाते तेव्हा

सोलापुरात अशोक चौकामागच्या गल्लीत राहणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशींनी मुलाच्या आग्रहावरून अलीकडेच स्वतःच्या नावाने आयुर्विमा घेतला. आठवड्याभरात त्यांच्या मोबाइलवर संदेश आला, की आपले ‘ई-विमा खाते’ उघडले असून पॉलिसी त्यात जमा झाली आहे. मावशींनी तो ताबडतोब पुसून टाकला. खाते बँकेत असते, पॉलिसी पेटीत असते आणि मोबाइलवर अनोळखी नंबरवरून येते ती फसवणूक, अशी त्यांची साधी विभागणी आहे आणि एकूण अनुभव पाहता ती फारशी चुकीचीही नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत यजमानांच्या दोन जुन्या पॉलिसी आहेत. चादरीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेले ते दोन बाँड आणि रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा त्यांनी आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, “हे आता रद्दी झाले का?”

विमा व्यवसायाच्या आधुनिकीकरणाच्या बातम्या सध्या वारंवार येतात. १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक झाले, ‘बिमा सुगम’ नावाच्या सामायिक बाजारपेठेची घोषणा झाली, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्यावर आला. या बातम्यांतून मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळत नाही. ते द्यायचे तर विमा कंपनी मुळात कशाचा व्यापार करते, येथून सुरुवात करावी लागते.

जिच्यात आपला नंबर लागू नये अशी भिशी

भिशी आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सगळ्याजणी दरमहा सारखी रक्कम टाकतात आणि प्रत्येकीचा नंबर कधी ना कधी लागतो. आयुर्विमा ही अशी भिशी आहे, की जिच्यात आपला नंबर लागू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते. कंपन्या ज्या मृत्युदर तक्त्यावरून हिशेब करतात, त्यानुसार तिशीतल्या एक हजार विमाधारकांपैकी वर्षभरात साधारण एकजण दगावतो. पन्नाशीत हे प्रमाण हजारी चार ते पाचांवर जाते. तिशीतल्या हजार जणांनी प्रत्येकी दहा लाखांचे संरक्षण घेतले, तर वर्षाला सुमारे दहा लाख रुपये द्यावे लागतील, म्हणजे माणशी हजार रुपये. त्यात कंपनीचा खर्च, कमिशन आणि नफा मिळवला, की शुद्ध विम्याचा हप्ता तयार होतो. मुदतीअखेर पैसे परत देणाऱ्या पॉलिसीत यावर बचतीचा मोठा भाग चढवलेला असतो, म्हणून तिचा हप्ता इतका जास्त दिसतो.

यातली खरी गोष्ट अशी, की विमा कंपनी काही विणत नाही आणि काही वळतही नाही. कोणाला भिशीत घ्यायचे, किती पैशांत घ्यायचे, वीस-तीस वर्षे त्याची नोंद कशी सांभाळायची आणि शेवटी योग्य माणसाच्या हातात रक्कम कशी द्यायची, ही चारही कामे माहितीची आहेत. त्यामुळे कारखान्यात तंत्रज्ञान आले तर माल लवकर तयार होतो. विम्यात ते आले, की प्रत्यक्ष मालच बदलतो.

जॅकार्डची कार्डे आणि जुने संगणक

मग हे सगळे एका झटक्यात संगणकावर का जात नाही, असा प्रश्न तरुण वाचकांना पडेल. याचे उत्तर सोलापूरकराला इतरांपेक्षा लवकर कळावे.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणली जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर फिरत राहते आणि कोणत्या भोकातून काटा जाईल यावर कोणता धागा उचलला जाईल हे ठरते. फ्रान्समध्ये ल्योन येथे जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याने भोकांच्या कार्डांवर माणसांची माहिती नोंदवून ती यंत्राने मोजली, आणि अशी कार्डयंत्रे विमा कंपन्यांच्या हिशेबखात्यांतही शिरली. आपल्या आयुर्विमा महामंडळाची स्थापना १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ कंपन्या व सोसायट्या एकत्र करून झाली. त्या प्रत्येकीच्या वह्या वेगळ्या आणि नियम वेगळे होते. महामंडळाने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस कार्डयंत्रे वापरली आणि १९६४ मध्ये संगणक आणला. नोकऱ्या जातील या भीतीने कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला होता. म्हणजे आपल्या चादरीचा आणि पॉलिसीचा पूर्वज एकच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता अडचण पाहा. चादर अर्धी विणून झाल्यावर कार्डांची माळ बदलली, तर नक्षी फाटते. पॉलिसी ही तर पंचवीस वर्षे विणली जाणारी चादर आहे. २००५ साली घेतलेल्या पॉलिसीला त्या वेळचेच बोनसचे, कर्जाचे, खंडित (हप्ते थकून बंद पडलेली) पॉलिसी पुन्हा चालू करण्याचे नियम शेवटपर्यंत लागू राहतात, कारण तो करार आहे. त्यामुळे बंद झालेल्या योजनांचे नियमही कंपनीला जुन्या संगणकप्रणालीत जिवंत ठेवावे लागतात. पॉलिसीचा जन्म, हप्ते, कर्ज, दावा हे सारे जिथे नोंदले जाते त्या प्रणालीला ‘कोअर सिस्टिम’ म्हणतात. आधुनिकीकरणाचा खरा आणि महागडा भाग म्हणजे ही कोअर सिस्टिम बदलणे. मोबाइल अॅप हे दुकानाच्या पाटीसारखे असते. आयुर्विमा महामंडळाने २०२४ मध्ये आपल्या नव्या डिजिटल व्यासपीठाचे काम इन्फोसिसकडे सोपवले, ते या पाटीमागच्या कामासाठी. अशा स्थलांतरात जुनी आणि नवी प्रणाली काही काळ शेजारी शेजारी चालवून दोन्हींचा हिशेब ताडून पाहतात. या काळात एखादी पावती अॅपवर दिसली नाही म्हणून घाबरू नये, पण पावत्यांचा गठ्ठाही फेकू नये.

पासबुकात पैसे नसतात

मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. पासबुक हरवले म्हणून बँकेतले पैसे हरवत नाहीत. पासबुक ही नोंदीची नक्कल असते. पॉलिसीचा बाँड मात्र आपण दागिन्यासारखा जपत आलो, कारण दाव्याच्या वेळी तो मूळ कागद मागितला जाई आणि हरवला तर हमीपत्रापासून सगळे सोपस्कार करावे लागत. ई-विमा खात्यात पॉलिसीची स्थिती पासबुकासारखी होते. शेअर जसे डीमॅट खात्यात असतात, तशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एका माणसाच्या एकाच खात्यात ठेवता येतात. ही खाती ‘इन्शुरन्स रिपॉझिटरी’ म्हणजे पॉलिसींची कोठारे चालवणाऱ्या संस्था सांभाळतात. भारतात ही व्यवस्था २०१३ मध्येच सुरू झाली होती, पण ती ऐच्छिक असल्याने दहा वर्षे जवळपास कोणाला कळलीही नाही. खाते उघडायला पैसे लागत नाहीत.

जुने बाँड रद्दी झालेले नाहीत. ते वैध आहेत आणि हवे असल्यास अर्ज करून त्या पॉलिसीही खात्यात घेता येतात. खात्यात एक सोय आहे, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही: आपल्या पश्चात हे खाते पाहू शकेल असा अधिकृत प्रतिनिधी नेमता येतो. तो नॉमिनी नव्हे आणि त्याला पैसे मिळत नाहीत, पण कोणत्या कंपनीत किती पॉलिसी आहेत हे त्याला कळते. पेटीची चावी कोणाकडे, या प्रश्नाचे हे नवे उत्तर आहे.

पत्त्याचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगर या घरकुल वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांचा ताबा देण्यात आला आणि शहरातली कितीतरी विडी कामगार कुटुंबे तिकडे राहायला गेली. कंपन्यांची पत्रे मात्र जुन्या गल्लीतल्या पत्त्यावरच येत राहतात. नोंद खात्यात असली, की पत्ता एकदा बदलून भागते. ती निरनिराळ्या बाँडांवर असली, की प्रत्येक शाखेत अर्ज द्यावा लागतो.

‘बिमा सुगम’ आणि हप्त्याची स्वस्ताई

विमा नियामक ‘इर्डाई’ने मार्च २०२४ मध्ये ‘बिमा सुगम’चे नियम प्रसिद्ध केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचे संकेतस्थळ सुरू झाले. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एकाच ठिकाणी पाहणे, घेणे आणि दावाही तेथेच करणे अशी मूळ कल्पना असून व्यवहार टप्प्याटप्प्याने सुरू व्हायचे आहेत. बाजार समितीच्या आवारात सगळे भाव एका फळ्यावर लागावेत, तसे हे आहे. हप्ता त्यामुळे किती उतरेल हे कंपन्यांच्या स्पर्धेवर ठरेल. आज हप्त्यात दिसणारी मोठी घट मुख्यतः जीएसटी गेल्याची आहे, तिचे श्रेय तंत्रज्ञानाला देऊ नये.

मिश्रीचा रकाना

विमा द्यायचा की नाही आणि किती हप्त्याला, हा निर्णय पूर्वी अर्ज, डॉक्टरचा अहवाल आणि शाखेतल्या अधिकाऱ्याची नजर यांवर व्हायचा व त्याला आठवडे लागायचे. आता अर्जातली उत्तरे प्रणालीत पडताच ठरवून दिलेल्या नियमांनुसार काही मिनिटांत निर्णय येतो, आणि संशयास्पद वाटणारी प्रकरणेच माणसाकडे जातात. १ मार्च २०२५ पासून आणखी एक सुधारणा झाली: यूपीआयवरून संमती दिल्यास हप्त्याची रक्कम आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते आणि अर्ज मंजूर झाल्यावरच कापली जाते. नामंजूर झाला, तर परताव्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत.

वेग चांगलाच आहे, पण तो अर्जातल्या उत्तरांवर उभा आहे, आणि येथे सोलापुरात एक खड्डा आहे. ‘कोणत्याही स्वरूपात तंबाखूचे सेवन करता का?’ असा प्रश्न अर्जात असतो. विड्या वळणाऱ्या बाईचा दिवस तंबाखूच्या सुपापुढे जातो, पण ती विडी ओढत नाही, म्हणून ती ‘नाही’ म्हणते आणि ते खरेच असते. तीच बाई सकाळी दाताला मिश्री लावत असेल, तर मात्र उत्तर ‘होय’ आहे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड असते. मिश्रीला कोणी व्यसन समजत नाही, ते दात घासणे समजले जाते. अर्ज भरणाऱ्याला टॅबवर पुढचा रकाना गाठायची घाई असते आणि ‘नाही’वर खूण होते. पूर्वीचा अधिकारी समोर बसलेल्या बाईचे दात पाहून कदाचित पुन्हा विचारत असे. प्रणाली विचारत नाही.

परिणाम दाव्याच्या वेळी दिसतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या किंवा दडवलेल्या माहितीवरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने ती शंका काढू शकत नाही. खंडित पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षे नव्याने मोजली जातात, हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणून पॉलिसी हाती आल्यावर तिच्यासोबतची अर्जाची प्रत मोठ्या अक्षरांत उघडून घरातल्या वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावी. पटले नाही, तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारणपणे १५ दिवसांची होती.

बोटांचे ठसे आणि नावाची अक्षरे

“आमच्यासारख्यांचे यात काय?” हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वर्षानुवर्षे पान कातरून विड्या वळणाऱ्या बोटांच्या रेषा झिजतात. ओळख पटवण्यासाठी मावशींनी ठशाच्या यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. पदराने पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मग तर्जनी, मग दुसरा हात. पाचव्या खेपेला त्या ओशाळून हसल्या, जणू चूक त्यांचीच होती. डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाइलवर आलेल्या ओटीपीवरून ओळख पटवण्याचे पर्याय आज आहेत. ते विचारून घ्यावे लागतात एवढेच.

नावांची गोष्ट याहून अवघड आहे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू आणि बाहेर मराठी चालते. तेलुगू रीतीत आडनाव आधी येते, मराठी रीतीत मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव शिरते. एकच माणूस शाळेच्या दाखल्यावर व्यंकटेश, आधारवर वेंकटेश आणि बँकेत व्यंकटेशम असतो. रोमन लिपीत तर पहिले अक्षर ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’ येथूनच मतभेद सुरू होतात. शाखेतला जुना कारकून हे तिघे एकच आहेत हे चेहऱ्यावरून ओळखायचा. संगणक अक्षरे ताडून साम्याचे गुण देतो आणि गुण कमी पडले, की कागद बाजूला काढतो. यात संगणकाची दुष्टबुद्धी नाही, त्याला फक्त आपली गल्ली माहीत नाही. तोवर शहाणपणा इतकाच, की आधार, बँक आणि पॉलिसी या तिन्हींवर नाव अक्षरशः एकसारखे करून घ्यावे, आणि ते माणूस हयात असताना करावे.

दारात येणारा एजंट गेला तर?

एजंट एवढ्यात जाणार नाही. महामंडळाने २०२० मध्ये एजंटांसाठीच ‘आनंदा’ नावाचे कागदविरहित अर्जाचे अॅप काढले, यावरून रोख कळतो: एजंटाच्या हातातली फाइल जाऊन टॅब येत आहे. परंतु त्याचे एक काम नकळत सुटले आहे, ते म्हणजे हप्त्याची आठवण.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत हे स्पष्ट दिसते. १८ ते ५० वयाच्या खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते, ते १ जून ते ३१ मे असे चालते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. बाँड नाही, एजंट नाही, शाखा नाही. इतकी आधुनिक पॉलिसी दुसरी सापडणार नाही. पण ज्याची मजुरी आठवड्याला येते आणि आठवड्यातच संपते, त्याच्या खात्यात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये नसतील, तर संरक्षण गुपचूप थांबते. दार कोणी ठोठावत नाही. पुन्हा सुरू केले, तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताव्यतिरिक्त झालेल्या मृत्यूचा दावा मिळत नाही. उलट, हप्ता नीट कापला गेलेल्या कित्येक घरांना माणूस गेल्यावर असा विमा होता हेच ठाऊक नसते. पासबुक भरून आणून मे-जूनच्या ओळी वाचणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

यंत्राने दावा अडवला तर?

चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली काढावा, असे इर्डाईचे बंधन आहे. साध्या दाव्यांत संगणकाने खरोखर मोठी मजल मारली आहे, हे मान्य केले पाहिजे. पॉलिसी घेतल्यानंतर थोड्याच काळात आलेला दावा, एकाच पत्त्यावर अनेक पॉलिसी अशा खुणा शोधून प्रणाली संशयित दावे वेगळे काढते. बनावट दावे पकडले गेले, तर भिशीतल्या सगळ्यांचाच फायदा आहे. मला खटकते ते इतकेच, की अशा खुणांत पिन कोडसारखी गोष्ट शिरली, तर वस्तीतल्या दोघा-तिघांच्या लबाडीची किंमत प्रामाणिक विधवेने विलंबाच्या रूपात मोजायची वेळ येते. ‘सिस्टिममध्ये रिजेक्ट झाले’ हे कारण नव्हे. कारण लेखी मागावे. आधी कंपनीकडे तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, ५० लाखांपर्यंतच्या वादांत त्याला निवाडा देता येतो आणि शुल्क किंवा वकील लागत नाही.

आणि माहिती फुटली तर?

ही भीती काल्पनिक नाही. २०२४ मध्ये देशातल्या एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची माहिती बाहेर गेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा निष्काळजीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कितपत वापरली जाते ते दिसेलच. आपल्या हातात राहते ते एवढेच: बोनस अडकला आहे, पॉलिसी बंद पडेल असे सांगून जो ओटीपी किंवा पैसे मागतो, त्याच्याकडे आपला पॉलिसी क्रमांक असला तरी तो कंपनीचा माणूस ठरत नाही.

पुन्हा पेटीकडे

मावशींच्या नव्या पॉलिसीचे खाते आम्ही उघडून पाहिले. नाव, जन्मतारीख, नॉमिनी सगळे बरोबर निघाले. मग यजमानांचे बाँड घेतले. लग्नाआधी काढलेल्या पहिल्या बाँडवर नॉमिनी म्हणून सासूबाईंचे नाव होते, आणि त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. नॉमिनी बदलायची सोय संकेतस्थळावर आहे असे कळल्यावर मुलगा उत्साहाने मोबाइल घेऊन बसला. पॉलिसी क्रमांक टाकला, जन्मतारीख टाकली, ‘नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे’ असे पडद्यावर आले. घरातले तिन्ही मोबाइल समोर ठेवले, एकही वाजला नाही. नंबराचे शेवटचे चार आकडे पडद्यावर दिसत होते. यजमानांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “हा तर आपल्या एजंटकाकांचा नंबर.” त्या काळी घरात फोन नव्हता, म्हणून काकांनी अर्जावर स्वतःचा टाकला होता. काका कोरोनात गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून यजमान शाखेत गेले. मोबाइल क्रमांक बदलायचा अर्ज कागदावर भरायचा होता.